वहीच्या पानाएवढं अंगण

तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
रोज दोनशे अंडी फोडली मी, एका हाताने,
वाडग्यात टरफलाचा कण न पडू देता.
कोंबडी मात्र कधी हातात धरली नव्हती.

एप्रिलचा शनिवार. लिंकनशायरच्या सपाट रानात
कुणाच्या तरी बटाट्याच्या गोदामामागे
गाड्यांची रांग, प्रत्येक डिकीत खोका, खोक्याला भोकं.
मेरियल नावाची बाई यादीवर खुणा करत होती.
"किती?"
"तीन," म्हणाले,
दोनच आणायचं ठरवून निघाले होते.

"पाय नका धरू. दोन्ही हात पंखांवरून,
भट्टीतून पाव काढतात तसे."
काढला. पण हा पाव पोकळ होता,
हाडं आणि ऊब, आणि पिसं असायला हवीत तिथे
गुलाबी, खरखरीत कातडी.
तुरा लोंबता, फिका,
पाणी बदलून बदलून उकडलेल्या बिटासारखा.

शेजारच्या बर्नार्ड थिसलवुडने
त्याच्या आईच्या कपड्यांच्या कपाटाचं खुराडं करून दिलेलं.
दाराच्या आतला आरसा काढायचा राहिला त्याच्याकडून.
दार उघडलं. कुणी बाहेर येईना.
तिघीही आरशाला चिकटून उभ्या,
म्हणजे सहा.
तेवढ्या गर्दीत त्यांना बरं वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी एक उतरली.
तीन पावलं, वळली. तीन पावलं, वळली.
सबंध बाग मोकळी, आणि ही
वहीच्या पानाएवढ्या जागेत,
समास सोडून लिहिणाऱ्या शहाण्या मुलीसारखी.
गवताला घाबरली.
गवत हलत होतं.

चौथ्या दिवशी एक गेली. काही निमित्त नव्हतं.
मेरियल फोनवर म्हणाली, "कधीकधी तेवढंच उरलेलं असतं."
रुबार्बच्या शेजारी पुरली.
नाव ठेवायचं राहून गेलं होतं,
म्हणून उरलेल्या दोघींची त्याच संध्याकाळी घाईघाईत ठेवली:
मर्टल, इडा.
माझ्याबरोबर कढया घासायच्या त्या दोघी.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात.
त्या शेडमध्ये तांबडं भिंतीवर होतं, बटणात.
दाबलं की उजाडायचं, दाबलं की रात्र.
इथे सूर्य कुणी न दाबता जायचा,
इतका सावकाश
की या जिथे असतील तिथेच थांबायच्या,
कुणी काही करेल म्हणून.
मग मी, गाऊनवर कोट, हातात टॉर्च,
मर्टल एका काखेत, इडा दुसऱ्या,
कपाटात नेऊन ठेवायची. रोज.
पावसात शिव्या देत.

मे महिन्यात इडा मेली.
म्हणजे मला तसं वाटलं.
लेट्यूसच्या वाफ्यात आडवी, एक पाय ताणलेला,
पंख पसरलेला, डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी.
अनवाणी धावले, बर्नार्डच्या नावाने ओरडत.
तो कुंपणावरून वाकला, नीट पाहिलं त्याने.
"ऊन खातेय ती."

तीस वर्षं पोरांना काय काय वाढलं मी.
हे नव्हतं वाढलं.
लेट्यूस गेलं सगळं. जाऊ दे.

जूनच्या अखेरीस एकदा टॉर्च घेऊन गेले
तर बाग रिकामी.
कोल्हा, म्हटलं. कुंपण तपासलं,
रुबार्बची पानं उचलून पाहिली,
बर्नार्डच्या दाराशी जाऊन परत आले.
मग कपाट.
आत, जिथे त्याची आई कोट अडकवायची
त्या दांडीवर दोघी,
माना पिसांत. हो, पिसांत,
मानेवर करडी, नवी, विस्कटलेली.
उजेडाने इडाने एक डोळा उघडला
आणि मिटला, मी कोण ते ठाऊक असल्यासारखा.

दार हळू लावलं.
टॉर्च बंद करून तशीच उभी राहिले थोडा वेळ,
ओल्या गवतात,
दोन्ही काखा गार.